दुखेल, तीनपर्यंत मोज

"मी सिस्टर नाही, मावशी नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. मी टेक्निशियन आहे. लॅब टेक्निशियन."

हे वाक्य मी त्या पावसाळ्यात किती वेळा ऐकलं असेल, याचा हिशेब नाही. गावात जीप थांबली की कुणीतरी हमखास म्हणायचं, "सिस्टर आल्या, सिस्टर आल्या!" की झालंच. बाई एक पाय जीपमध्ये, एक पाय चिखलात अशा अवस्थेत आधी आपला हुद्दा सांगायच्या आणि मगच दुसरा पाय खाली टाकायच्या. मी म्हणायचो, "अहो बाई, काय फरक पडतो?" त्यावर त्या म्हणायच्या, "तुम्हाला कुणी कंपाउंडर म्हटलं तर?" मला कुणी काहीही म्हटलं तरी चाललं असतं, दुपारचं जेवण वेळेवर मिळालं पाहिजे, एवढंच माझं मागणं होतं. पण ते मिळत नव्हतं, आणि त्याला कारण बाईच होत्या.

दुसरी लाट ओसरली होती. आपल्या जिल्ह्यातल्या किती लेकरांच्या अंगात करोना न कळत येऊन गेलाय, ते रक्त तपासून पाहायचं असं ठरलं. मोठ्यांना लस मिळू लागली होती, लहानांना नव्हती. शाळा बंद. त्या उघडाव्यात का नाही, यावर जो तो भांडत होता. कुणाला काही ठाऊक असेल तर ते लेकरांच्या रक्तालाच ठाऊक होतं. म्हणून गावं निवडायची, घरं निवडायची, घरात एकापेक्षा जास्त लेकरं असतील तर चिठ्ठी टाकून एक निवडायचं आणि त्याचं चमचाभर रक्त घ्यायचं. एका गावात चाळीस लेकरं, दोन दिवसांत. रक्त घ्यायला बाई, फॉर्म भरायला मी आणि जीप चालवायला भाई. बाई मला नावानं कधी हाक मारत नसत. "अहो फॉर्मवाले!" म्हणत. स्वतःच्या हुद्द्याबद्दल एवढ्या काटेकोर, आणि माझा हुद्दा हा!

सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बाईंची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त व्हायला आल्या तेव्हाच नेमका करोना आला, आणि साहेबांनी त्यांना थांबवून घेतलं. आडव्या अंगाच्या, ठेंगण्या, चष्म्याला मागं काळी दोरी. भेटणाऱ्या प्रत्येकाला, मग तो सरपंच असो की मशिदीतले मौलाना, "जयभीम" घालायच्या. मौलानाही हसून "जयभीम, बाई" म्हणायचे. आणि अंगात साडीवर पुरुषाचा शर्ट! आपल्याकडं शेतात खुरपायला जाताना बायका घालतात तसा, निळ्या चौकड्यांचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला. पांढरा कोट दिला होता, तो पहिल्याच दिवशी घडी घालून जीपच्या सीटखाली गेला.

"पांढरा रंग दिसला की लेकरू आधी रडतं, मग माणूस बघतं," बाई म्हणाल्या.

मी एकदा गंमत केली. म्हटलं, "शर्ट कुठल्या सेलमधला, बाई? आम्हालाही सांगा." तर म्हणाल्या, "घरातलाच आहे." विषय संपला.

त्यांचं मुख्य वेड वेगळंच होतं. त्या लेकरांशी खोटं बोलत नसत. यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. मग एक दिवस त्यांच्याबरोबर काढून बघायचा होता! जगातला प्रत्येक माणूस सुई टोचताना म्हणतो, "काही दुखणार नाही हं, मुंगी चावल्यासारखं." बाई समोर बसून, डोळ्यात डोळे घालून सांगायच्या, "दुखेल. मुंगीसारखं नाही, सुईसारखंच दुखेल. तीनपर्यंत मोज. तिनाच्या पुढं दुखलं तर मला शिवी दे." मी कपाळाला हात लावायचो. चांगलं हसतं-खेळतं पोरगं हे ऐकून पांढरंफटक व्हायचं. पण नवल असं की, पळायचं नाही. एक, दोन, तीन मोजायचं, आणि तीन झाले की बघायचं तर सुई खरंच बाहेर. मग त्या पोराच्या तोंडावर असं काही यायचं की, या बाईचं बोलणं ऐकायला हरकत नाही.

त्याच्या आधी आणखी एक सोहळा असायचा. बाई रबरी पट्टा आधी स्वतःच्या दंडाला बांधायच्या, हात पुढं करायच्या आणि लेकराला म्हणायच्या, "आधी तू माझी शीर शोध." लेकरू भीत भीत बोट लावायचं. "तिथं नाही, ते हाड. थोडं आत. मऊ दोरीसारखं लागतंय का? हां! सापडली. पक्का टेक्निशियन होशील. आता तुझी मी शोधते." एका लेकराला पाव तास! चाळीस लेकरांचे किती पाव तास झाले, त्याचा हिशेब तुम्हीच करा. बाहेर भाई हॉर्न वाजवायचा. "क्या बाई, आज बी शाम करते क्या?" आणि माझ्या पोटात कावळे.

बाईंचं स्वतःचं मात्र काही नसायचं. डबा आणत नसत. कुणी भाकरी पुढं केली तर म्हणत, "घरी जाऊन जेवीन." चितेगावच्या फाट्यावर आम्ही भजी खायला उतरायचो, त्या जीपमध्ये नळ्यांची पेटी मांडीवर घेऊन बसायच्या. भूक लागलीय असं म्हणताना मी त्यांना ऐकलंच नव्हतं.

एकदा वैतागून मी म्हटलं, "दोघांनी धरायचं, एकानं टोचायचं, दोन मिनिटांत काम. सगळे असंच करतात."

"फसवून घेतलेलं रक्त नासतं," बाई म्हणाल्या.

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तक तुम्ही शोधा. मी नासलेलं बघितलंय."

मला वाटलं, बाईंची एक म्हण. पण एका संध्याकाळी त्यांनी मला प्रयोगशाळेत नेऊन दाखवलं. दुसऱ्या एका टीमच्या नळ्या आल्या होत्या. यंत्रात फिरवल्यावर रक्त खाली बसतं आणि वर पाणी उरतं, त्यात सगळी माहिती. त्यांच्या बऱ्याच नळ्यांत ते पाणी लाल झालं होतं. लेकरू झटापट करतं, सुई हलते, घाईघाईत ओढलं की रक्त फुटतं. तो नमुना मग वायाच गेल्यासारखा. आमच्या नळ्यांत वर कढवलेल्या तुपासारखं पिवळं, स्वच्छ. बाईंनी फक्त चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा मला लई राग आला होता.

पडेगावला एक सतरा वर्षांचा पैलवान भेटला होता. मिसरूड फुटलेली, दंडावर गोंदलेलं, बाहेर चार दोस्त. "आपल्याला काय भ्या नाय, काढा बाटलीभर." बाईंनी नेहमीप्रमाणं स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. शीर वर आली, आणि ती बघूनच पैलवान पाठीवर आडवा! सुई अजून पिशवीतच होती. बाईंनी त्याचे पाय उचलून पाटावर ठेवले, दार लोटलं. बाहेरून दोस्त ओरडले, "काय झालं ओ?" मला वाटलं, आता बाई खरं सांगतात आणि पोराची गल्लीतली इज्जत जाते. बाई म्हणाल्या, "पडलाय निवांत. तुम्ही पण बाहेर निवांत बसा." एक अक्षर खोटं नाही, आणि पोराची लाजही राहिली. ते पोरगं नंतर बाईंच्या पाया पडलं.

बाईंनी आणखी एक उपद्व्याप करून ठेवला होता. फॉर्मच्या शेवटच्या पानावर अगदी खाली एक ओळ होती, मागणी केल्यास निकाल कळवण्यात येईल अशी. आयुष्यात कुणी ती वाचली नसती. बाई प्रत्येक लेकराला मोठ्यानं वाचून दाखवायच्या. "तुझं रक्त आहे. त्यात काय निघालं ते विचारायचा तुला हक्क आहे. विचारतोस?" आता कुठलं लेकरू नाही म्हणेल? सगळी म्हणायची, "व्हय!" आणि मी प्रत्येक फॉर्मवर खूण करत बसायचो. साहेब माझ्यावर उखडले. "बाकी टीमच्या गावांत कुणीच मागत नाही, तुमच्याच गावात सगळे जागरूक कसे?" मी काय सांगू? म्हटलं, "साहेब, पाणीच तसलं आहे तिकडचं."

या सगळ्याला त्रासून मी बदली मागणार होतो. अर्ज लिहून खिशात ठेवला होता. आणि मग ते पैठण रोडवरचं गाव आलं.

चितेगावच्या पुढं आत गेलं की छोटी वस्ती. एकोणचाळीस लेकरं झाली होती, चाळीसावं घर हे. आई-बाप दोघंही कंपनीत कामाला. बापानं सकाळी पाळीला जाण्याआधी संमतीवर सही करून ठेवली होती. घरात काकू, काकूची पोरगी आणि चिठ्ठीत जिचं नाव निघालं ती चौथीतली मुलगी. दोन घट्ट वेण्या, शाळा बंद असूनही लाल रिबिनी बांधलेल्या. तिनं बाईंची शीर पहिल्याच झटक्यात शोधली. बाई खूश. पण पट्टा तिच्या दंडाकडं नेला तशी तिनं हात पाठीमागं घेतला.

"नाय."

रडली नाही, ओरडली नाही. नुसतं, "नाय."

"अगं ए, घेऊ दे की!" काकू म्हणाली. "बापानं सही केलीय तुझ्या."

"सही बापाची आहे, हात तिचा आहे," बाई म्हणाल्या आणि हातमोजे काढून ठेवले. "बरं बाळा. नाही तर नाही." पिशवीतली पेन्सिल आणि गोळी काढून तिच्या हातात दिली. रक्त न देणाऱ्यालाही त्या ती द्यायच्या. म्हणायच्या, ही लाच नाही, पाहुणचार आहे.

काकूला वाईट वाटलं असावं. तिनं आपली पोरगी पुढं ढकलली. "हिचं घ्या बाई. ही रडत नाय, अंगानं बी दणकट हाय." माझं पेन उचललं गेलंच होतं. एका घरातल्या दोन बहिणी, वयात वर्षभराचा फरक, कोण बघतंय? बाईंनी माझ्याकडं बघितलं. "चिठ्ठी कुणाची निघाली, फॉर्मवाले? दणकट दणकट लेकरं वेचून घ्यायची तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या?"

मी तणतणत बाहेर येऊन ओट्यावर बसलो. वाजले होते अडीच. आत बाई तिच्याजवळ जमिनीवर बसून गप्पा मारत होत्या. मुलगी एकेक विचारत होती. रक्तात काय दिसतं? बाई म्हणाल्या, "करोना येऊन गेला असेल तर शरीर त्याच्याशी भांडलेलं असतं. त्या भांडणाच्या खुणा रक्तात राहतात. त्या आम्ही शोधतो."

मग पोरीचा आवाज एकदम खाली आला.

"कुणाला दिला ते बी दिसतं का?"

मी मान वळवून आत बघितलं. काकू चहाचा ट्रे घेऊन चौकटीत तशीच थांबली होती.

"तुला कुणाचं वाटतंय?" बाईंनी विचारलं.

मग ते सगळं बाहेर आलं. आजा उन्हाळ्यात गेला. त्याच्या आधी आठ दिवस हिला खोकला होता. ही रोज त्याच्या पायाशी झोपायची, त्याला तांब्यानं पाणी पाजायची. आजा गेल्यावर घरात कुणीतरी म्हणालं, हीच खोकत होती आधी. ते कोण म्हणालं, हे मुलीनं सांगितलं नाही. पण काकू ट्रे चौकटीतच खाली ठेवून अंगणात निघून गेली. लेकरू तेव्हापासून मनात घेऊन बसलं होतं. रक्त तपासलं की सगळ्या गावाला कळणार, आज्याला कुणी मारलं ते.

मी असतो तर म्हटलं असतं, छे छे, वेडी का काय तू! बाई तसं म्हणाल्या नाहीत.

"कुणाला दिला ते दिसत नाही. येऊन गेला का, एवढंच दिसतं."

"आन् निघालं तर?"

"निघालं तर निघालं म्हणून सांगीन. स्वतः येऊन सांगीन."

"खरं?"

"दुखेल हेसुद्धा आधीच सांगते ना मी?"

मुलीनं थोडा वेळ विचार केला आणि हात पुढं केला. एक, दोन, तीन. तीन झाले तशी सुई बाहेर. बाहेर अंगणात काकू मला म्हणाली, "साहेब, म्या रडता रडता बोलले वो. तोंडातून गेलं. तिनं ऐकलं आसंल हे ध्यानीमनी बी नव्हतं." मी फॉर्मवर नजर ठेवून मान हलवली. तेवढ्यात खिशातला अर्ज हाताला लागला. त्याचं पुढं काय झालं मला आठवत नाही, पण तो मी दिला नाही एवढं खरं.

काही आठवड्यांनी निकाल आले. आमच्या गावांच्या चिठ्ठ्या वाटायला अर्थातच कुणी नव्हतं, त्यामुळं सुटीच्या दिवशी बाई, मी आणि भाई. त्या मुलीची चिठ्ठी मी आधीच बघितली होती. निघालं होतं.

जीपमध्ये मी म्हटलं, "बाई, एक सांगू? नाही निघालं म्हणून सांगा. एवढंसं पोर. आयुष्यभर घेऊन बसेल. इंग्रजी कागद तिला वाचता यायचा नाही, आणि इथं कोण विचारतंय?"

"तीच विचारतीय," बाई म्हणाल्या.

"बोल देव ना बाई," भाई समोरून म्हणाला. "नै निकला बोलके. बच्ची का दिल रह जाता. सवाब का काम है, पुण्य का."

बाईंचं आपलं शर्टाच्या बाहीची घडी उलगडायची आणि परत घालायची, असं चितेगाव येईपर्यंत चाललं होतं. मला खात्री वाटली, या वेळी बाई खोटं बोलणार. आणि खरं सांगतो, मला बरंच वाटत होतं.

बाप घरी होता. काकूनं त्याला सगळं सांगितलेलं दिसलं, कारण बाईंनी चिठ्ठी त्याच्या हातात देऊन "पोरीला सांगू का?" असं विचारताच तो नुसता "सांगा" म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. मुलगी समोर येऊन उभी राहिली. लाल रिबिनी होत्याच.

"निघालं," बाई म्हणाल्या. "तुझ्या रक्तात निघालं."

मी मनात म्हटलं, झालं, केला घात! पोरीचा चेहरा इवलासा झाला. मला बाईंचा असा संताप आला की उठून जावं.

"इकडं बघ. दुखेल म्हटलं होतं, दुखलं का?"

"व्हय."

"तीनपर्यंत म्हटलं होतं. तिनाच्या पुढं दुखलं?"

"नाय."

"येऊन सांगीन म्हटलं होतं. आले का?"

"व्हय."

"मग आता सांगते तेही तसंच खरं आहे. रक्तात तारीख नसते आणि नाव नसतं. तुझ्याकडून आजोबांना गेला, का आजोबांकडून तुला आला, का दोघांनाही तिसऱ्याच कुणाकडून, हे मला दिसत नाही, मशिनीला दिसत नाही, कुठल्या मोठ्या डॉक्टरलाही दिसत नाही. तुझ्या गावात कितीतरी लेकरांच्या रक्तात निघालंय, आणि त्यातली बरीच साधी शिंकलीही नव्हती. कोणी म्हणालं ना, की मला माहीत आहे कुणामुळं झालं, तर तो माणूस खोटं बोलतोय. समजलं?"

मुलीनं बाईंच्या तोंडाकडं बघून मान हलवली. ती बाईंवर विश्वास ठेवत होती, हे मला लख्ख दिसलं. मी तिला हजार वेळा "तुझ्यामुळं नाही गं" म्हटलं असतं तरी तिनं मला विचारलं नसतं. सुईपुरतं खरं बोलण्यासाठी ही बाई इतके दिवस आमच्या जेवणाच्या वेळा का मोडत होती, ते मला त्या अंगणात कळलं. माझी मलाच लाज वाटली.

काकू पदरानं तोंड दाबून उभी होती. एकदम बोलली, "तूच पाजलंस त्यांला पाणी. शेवटच्या दिसापोतर तूच. म्या भ्यानं दारातच उभी ऱ्हायले, आत पाऊल नाय टाकलं. आन् वरून मीच तुला बोलले." पोरीनं तिच्याकडं बघितलं आणि जाऊन तिला चिकटली. बाप खाली मान घालून डोळे पुसत होता.

आम्ही निघायला उठलो. मुलगी दारापर्यंत आली आणि बाईंच्या शर्टाचं टोक धरून म्हणाली, "बाई, ह्यो शर्ट गड्याचा हाय ना? कुणाचा?"

"आमच्या ह्यांचा."

"ते कुठंयत?"

"गेले. तुझे आजोबा गेले त्याच उन्हाळ्यात. करोनानंच."

मी बाईंकडं बघतच राहिलो. त्या विधवा आहेत एवढं मला माहीत होतं, कधीपासून ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्या रजेवरून आल्या आणि आठवड्यात आमचं काम सुरू झालं होतं. आणि मी सेलबद्दल विचारलं होतं!

"तुम्हाला बी झाल्ता?"

"माझ्याही रक्तात निघालंय."

"मग तुमी दिला त्यांला?"

"ए गप!" काकू ओरडली.

बाईंनी तिला हातानंच थांबवलं. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. "मी रोज दवाखान्यातून घरी जात होते, बाळा. ते घराबाहेर पडत नव्हते. माहीत नाही गं मला."

मुलगी विचारात पडली. मग बाईंसारखंच, डोळ्यात डोळे घालून, म्हणाली, "रक्तात नाव नसतं. कुणी म्हणलं मला माहीताय, तर ते खोटं बोलतंय. तुमी सोता म्हणलात तरी बी."

बाईंचा चष्मा हातातच होता. मग गावातली माणसं म्हणतात तसं, हळूच, "व्हय" म्हणाल्या.

परतताना भाईनं गाणी लावली नाहीत. चितेगावचा फाटा आला, तो सवयीनं गाडी बाजूला घेऊ लागला आणि मग आमच्याकडं बघून, नको का, अशा नजरेनं थांबला.

"अहो फॉर्मवाले," मागून बाईंचा आवाज आला.

"काय बाई?"

"उतरा की. मला भूक लागलीय."